बसलेले ठिपके

परमेश्वर गुरुजींना या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. त्यांना एक गाळा मिळणार होता. माजलगावात, धान्याच्या मोंढ्याच्या अंगाला, शटरचा, डोक्यावर स्लॅब आणि विजेचं मीटर स्वतंत्र. आता गुरुजींचे डोळे लहानपणीच गोवरात गेलेले. दिवा लागला काय नि विझला काय. पण ज्याचं मीटर स्वतंत्र तो माणूस स्वतंत्र, असं त्यांचं ठाम मत होतं. आजवर त्यांचा ब्रेलचा वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरत आला होता. शनिवारी तेल घालणाऱ्यांची रीघ लागली की वर्ग उठायचा, लग्नाचं वऱ्हाड उतरलं की उठायचा, आणि सप्ताह बसला की गुरुजींच्या हातात टाळ देऊन कुणीतरी म्हणायचं, "बसा गुरुजी, तुमाला काय, हितं बसलं काय न् तिथं बसलं काय!" गाळा आला की हे सगळं संपणार होतं. वर पाटी लागणार होती, 'परमेश्वर गुरुजींचा ब्रेल वर्ग'. अख्खा मोंढा ती वाचणार होता, एक गुरुजी सोडून.

शिवाय खांद्यावर बंकट मुकादमाचा हात येणार होता. बंकट म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस. सिरसाळ्यापासून इकडं दर गावात चार-दोन घरं त्यानं आगाऊ उचल देऊन बांधलेली. त्याचा हात ज्याच्या खांद्यावर असतो, त्याची वाट मोंढ्यात कुणी अडवत नाही. तो हात काढून घेतला की काय होतं, हे गुरुजींना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचीही हौस नव्हती.

बदल्यात द्यायचं एवढंच होतं की बंकटच्या रविराजला पाच-सहा महिने ब्रेल शिकवायचं.

अडचण एकच. रविराजला दिसत होतं.

बीडच्या एका संस्थेत लिपिकाची एक कायम जागा निघणार होती, दृष्टिहीनांसाठी राखीव. रविराजची पोलीस भरती पाहून झाली, तलाठ्याची पाहून झाली; पळण्यात नापास, लिहिण्यात नापास. मग बापानं त्याच्यासाठी आंधळेपणाचा दाखला आणला. कुठून आणला ते गुरुजींनी विचारलं नाही. असलं विचारणाऱ्याला गाळे मिळत नसतात. पण खोट्या दाखल्यांचा बभ्रा झाल्यामुळं संस्थेनं यंदा नवाच नियम काढला होता: उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि इंग्रजी ब्रेलचं एक पान बोटानं वाचून घ्यायचं, तेही साधं नव्हे, संक्षिप्त. डोळस माणूस बोटानं वाचायला शिकण्याचे कष्ट घेणार नाही, असा तो नियम करणाऱ्यांचा हिशेब होता. त्यांनी बंकटला पाहिलेलं नव्हतं.

गुरुजींचा स्वतःचाही एक हिशेब होता, आणि तो त्यांनी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. त्याच जागेसाठी सुनिताचा अर्ज होता. सुनिता ही अजिनाथची पोर, जन्मापासून आंधळी. आई-बाप बंकटच्याच टोळीत. पोर निवासी शाळेत बारावी झाली आणि तेव्हापासून ऊसतोडीचा हंगाम आला की गुरुजींच्या घरी राहायची. गुरुजींच्या बायकोला, साखराबाईंना, भाकरी थापताना पीठ द्यायची, आणि दिवसभर वाचायची. वाचताना तिचा उजवा हात ओळ संपवतो आहे तोवर डावा हात पुढच्या ओळीचं तोंड धरून बसलेला असायचा. बोटाचा आवाज म्हणून यायचा नाही. कागदावरून मांजर गेल्यासारखं. तिला ऐकलं की गुरुजींना आपला जन्म अगदीच वाया गेला नाही असं वाटायचं.

तेव्हा रविराज शिकून शिकून शिकणार किती? जागा सुनिताला, गाळा आपल्याला. मुकादमाला आपण शिकवायचं कबूल केलंय, निवडून आणायचं नव्हे. दोन्ही डगरींवर हात ठेवून गुरुजी मोठ्या समाधानात होते.

पहिल्या दिवशी बंकट स्वतः पोराला घेऊन आला आणि सभामंडपाच्या खांबाला टेकून बसला. गुरुजींनी पान पुढं सरकवलं. जरा वेळानं कागद करकरला.

"कागद तिरपा कावून धरला बाबा?" गुरुजी म्हणाले. "बोटाला उजेड लागत नाही."

बंकट मोठ्यानं हसला. "बघ बे! मास्तरनं पहिल्याच घासाला खडा धरला. गुरुजी, तुमचं उपरणं द्या. बांध रे डोळ्यावर. आजपासनं तुजी दुपार ही अशीच."

मग गुरुजींनी संक्षेप समजावून सांगितले. मराठी ब्रेलमध्ये जेवढं बोललं तेवढं लिहायचं. इंग्रजीवाल्यांची मात्र मोठी काटकसर. एकटं 'बी' आलं की 'बट', एकटं 'पी' आलं की 'पीपल'. 'बी' आणि 'एल' एवढी दोन अक्षरं आली की 'ब्लाइंड' हा अख्खा शब्द. काही शब्दांना तर अक्षरच नाही, नुसती एक खूण. पुस्तकं जाड होतात, कागद लागतो, म्हणून शहाण्या माणसांनी ही युक्ती काढली.

"आमच्या धंद्यात ह्येच की!" बंकट म्हणाला. "एक कोयता म्हनलं की नवरा-बायकू दोघं आले. अर्धा कोयता म्हनलं की एकलं. नावं कशाला घ्यायची? लई सोपं हाय, रविराज. तुज्या बापाला येतंया."

"सोपं दिसतं," गुरुजी म्हणाले. कुणी त्यांच्या विद्येला सोपं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "साध्या लिहिण्यात एखादा ठिपका बोटाला लागला नाही तरी पुढच्या-मागच्यावरून अंदाज येतो. इथं एकेका ठिपक्यावर आख्खा शब्द उभा. पीचा वरचा उजवा ठिपका निसटला की उरतं एल. 'पीपल'च्या जागी 'लाइक'. माणसं गेली, आवड राहिली. असं चार ठिकाणी झालं की पानच कोसळतं."

"मंजे चुकायचं कारण काय? डोस्कं?"

"डोकं नाही, बोट." आता गुरुजी रंगात आले होते. फार दिवसांनी कुणीतरी धडधाकट, वजनदार माणूस त्यांच्या कामाबद्दल विचारत होता. "हे आमचे डोळे. लग्न झाल्यापासून मी चुलीपाशी हात नेलेला नाही, विचारा आमच्या मंडळींना. दोर ओढला नाही, फावडं धरलं नाही. आमच्या शाळेत हनुमान म्हणून एक पोरगा होता, माझ्यापेक्षा हुशार. सुट्टीत बापासंगं विहिरीच्या कामावर गेलता. परत आला तर बोटाला घट्टे. साधं वाचायचा कसंबसं. संक्षिप्त गेलंच म्हणा ना. पुढं घट्टे उतरले, पण तोवर परीक्षा होऊन गेली."

खांबापाशी जरा वेळ काहीच आवाज झाला नाही.

"असं," बंकट म्हणाला.

बंकटचं हे 'असं' ज्यांनी ऐकलेलं आहे, ती माणसं त्यानंतर घरी जाऊन आपलं दार आतून लावून घेतात. गुरुजींनी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना ते कौतुकाचं वाटलं.

गुरुजींनी ठरवलं होतं की रविराजला हात राखून शिकवायचं. पण हात राखून शिकवायलाही अंगी एक कला लागते आणि ती त्यांच्याकडं नव्हती. पोरगं ओळीवर अडखळलं की त्यांना राहवायचं नाही. "दाबू नकोस रे, बोट दाबलं की मरतं. मोराचं पीस धरल्यागत धर." असं म्हणत ते त्याचं मनगट स्वतःच्या हातात घ्यायचे. रविराज पळण्यात नि लिहिण्यात कच्चा असला तरी त्याची बोटं मऊ होती. बापानं जन्मात काम लावलेलं नव्हतं. डोळ्यांवर उपरणं, हाताखाली पान, असा तो दुपारच्या दुपार बसायचा. गणपती गेले, नवरात्र आलं, आणि एका दुपारी त्यानं अर्धं पान न चुकता वाचलं.

"शाब्बास!" गुरुजींच्या तोंडून गेलं. आणि लगेच त्यांना आपल्या त्या शब्दाची भीती वाटली.

दिवाळीच्या तोंडावर टोळ्या निघायची वेळ झाली. दरवर्षी अजिनाथ सुनिताला कपड्याच्या पिशवीसकट गुरुजींच्या घरी आणून सोडायचा आणि चहासाठीसुद्धा थांबायचा नाही. यंदा तो आला, पण पिशवी त्यानं खाली ठेवली नाही. बरोबर बंकट होता.

"गुरुजी," अजिनाथ म्हणाला, "यंदा पोरीला संगं न्यावं म्हनतो."

"का?"

उत्तर बंकटनं दिलं. "मीच म्हनलं. दिवस लई वंगाळ हायत गुरुजी. जवान पोर, त्यात दिसत न्हाई. परक्याच्या घरात चार-चार म्हैने. मला तुमच्याबद्दल काई बोलायचं न्हाई. तुमी देवमाणूस. पन गावाच्या तोंडाला फडकं कोन बांधनार? उद्या सोयरीक आली न् कुनी विचारलं, पोर हंगामात कुटं असती, तर अजिनाथनं काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हंजे?" आतून साखराबाई कडाडल्या. "सांगायचं साखराबाईच्या कुशीला निजती! मुकादम, तुमाला गावाच्या तोंडाची एवढी चिंता कवापासनं? माघात परीक्षा हाय पोरीची. ऱ्हाऊ द्या तिला."

"परीक्षेला मी आणून सोडीन की वैनी. माजी जीप पाठवीन. अन् तिला काय तिथं कोयता द्यायचाय? कोपीवर बसंल, झोपडीतल्या भांड्याला राखण. वाचंल आपलं."

सुनिता दारात उभी होती. "गुरुजी, तुमी सांगा," ती म्हणाली. "मी ऱ्हाते म्हनलं तर अण्णा ऐकंनात. तुमचं ऐकतील."

ते खरं होतं. अजिनाथ आला होता तोच ऐकायला. गुरुजींनी नुसतं "नाही" म्हटलं असतं तर त्यानं पिशवी खाली ठेवली असती. मुकादमापुढं त्यालाही कुणाचा तरी आधार हवा होता. गुरुजींना सभामंडपातल्या खांबाजवळची ती शांतता आठवली, आणि ते 'असं' नेमकं कशाचं होतं हे त्या घटकेला त्यांना लख्ख कळलं. आता बोलावं. पण बोलायचं म्हणजे काय? पोर इथंच राहू द्या म्हटलं, तर बंकटनं नुकतंच जे गावाच्या तोंडी घातलंय ते आपण आपल्या हातानं खरं केल्यासारखं. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे सांगणं फार सोयीचं होतं, कारण त्याच सकाळी मोंढ्यातल्या गाळ्याला शटर बसलं होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात होती.

"बापाच्या मनापुढं मी काय बोलू?" गुरुजी म्हणाले.

साखराबाईंनी आत परात आपटली.

निघताना गुरुजींनी संक्षिप्त ब्रेलच्या पानांची एक जाड थप्पी सुनिताच्या पिशवीत घातली. "बोटं जप," ते हळूच म्हणाले.

"मी काय लोन्याची हाय व्हय गुरुजी?" सुनिता हसली.

ऊसतोडीचा फड होता कोल्हापूरकडं. सुरुवातीला तिचे फोन यायचे, बापाच्या मोबाइलवरून. थंडी लई आहे, आई बरी आहे, रोज दोन पानं वाचते. पुढं एक पान झालं. मग एक दिवस ती म्हणाली की कोपीवर नुसतं बसलेलं मुकादमाच्या माणसाला चालत नाही. आईची पाठ धरली, म्हणून आता ती मोळ्या बांधते. "दिसायचं काय काम हाय त्यात गुरुजी? ऊस हाताला लागतो, शेंड्याचं वाढं हाताला लागतं, त्यानं आवळायचं. पाचटानं जरा कापतंय, तेवढंच. मुकादम म्हनले, पोरीचा हात चपळ हाय."

गुरुजी "बरं" म्हणाले.

मग पौषात एका दुपारी फोन आला. गुरुजी तेव्हा नव्या गाळ्यात बसले होते, रविराज समोर पान वाचत होता.

"गुरुजी, तुमी दिलेल्या पानांचे ठिपके बसल्यात," सुनिता म्हणाली.

"बसलेत?"

"व्हय. पयलं चांगले लागत व्हते. आता सपाट झाल्यावानी लागतंय. मराठीचं पान जमतंय कसंबसं, पन ह्ये इंग्रजीचं... खून लागंच ना. रात्री दव पडतंय, कोपीत समदं ओलं व्हतंय, त्यानंच बसले आसतील न्हाई का?"

दव पडून ब्रेलचा जाड कागद मऊ होतो, हे खरं आहे. पण ती पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. थप्पी गुरुजींनी स्वतः बांधली होती. कशाचे ठिपके बसले ते त्यांना बरोबर कळलं. अजून परीक्षेला महिना-सव्वा महिना होता. हनुमानचे घट्टे उतरायला तेवढे दिवस लागले नव्हते. एवढंच म्हणायचं होतं, पोरी, काम टाक नि आजच्या गाडीनं निघून ये. अजिनाथला फोनवर घ्यायचं होतं.

समोर रविराजचं बोट कागदावरून चालायचं थांबलं होतं. तो ऐकत होता.

"हो," गुरुजी म्हणाले, "दमट हवेनं बसले असतील."

"मंग परीक्षेला नवं कोरं पान आसंल ना?"

"नवं कोरं असेल."

"मंग काय चिंता न्हाई," सुनिता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी गुरुजी घरी जेवले नाहीत. साखराबाईंनी एकदाच विचारलं, "पोरीचा फोन आलता का?" आणि उत्तर आलं नाही तेव्हा दुसऱ्यांदा विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याचं गप्प बसणं वाचायला शिकल्या होत्या.

परीक्षेचा दिवस आला. बंकट शब्दाला जागला. फडावरून सुनिताला आणायला खरोखरच जीप गेली. फक्त ती आदल्या संध्याकाळपर्यंत मोळ्या बांधून निघाली, रातोरात प्रवास करून सकाळी बीडला उतरली, आणि हाताला पाणी लावून थेट दालनात आली. बरोबर अजिनाथ, नव्या टोपीत.

संस्थेच्या दालनात टेबलामागं तीन खुर्च्या होत्या. एकीवर पुण्याहून आलेले साहेब, एकीवर संस्थेचे सचिव, आणि तिसरीवर स्थानिक जाणकार म्हणून परमेश्वर गुरुजी. हे बंकटनंच जमवून आणलं होतं. दोन्ही उमेदवार गुरुजींचेच शिष्य, ही शंका साहेबांनी काढली तेव्हा सचिव म्हणाले होते, "दोघंही यांचेच, म्हणजे हे तटस्थ झाले की." एवढ्या तर्कापुढं पुणं गप्प बसलं.

आधी रविराज. पट्टी बांधली, पान पुढं ठेवलं. तो सावकाश वाचत गेला, गाडीवाटेनं बैल जावा तसा. घाई नाही, पण चाकोरी सोडली नाही. एकदा अडला, बोट मागं नेलं, पुन्हा धरलं. बरोबर. ते बोट मागं न्यायला गुरुजींनीच शिकवलं होतं. त्यांच्या छातीत काहीतरी फुगलं, मास्तराच्या छातीत फुगतं तसं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

मग सुनिता बसली. "नमस्कार गुरुजी," ती खुर्चीतून म्हणाली. आवाजात आनंद होता.

तिनं पानावर हात ठेवला, आणि गुरुजींनी तो आवाज ऐकला. खर्र, खर्र. पत्र्यावर कानस फिरावी तसा. ज्या बोटांचा त्यांनी आजवर कधी आवाज ऐकला नव्हता, ती बोटं कागद घासत चालली होती.

पहिली ओळ तिनं पाठ असल्यासारखी म्हटली, अंदाजानंच. दुसऱ्या ओळीत माणसं गेली, आवड राहिली. ती थांबली. मागं आली. पुन्हा तेच. तिनं बोट बदललं, करंगळीशेजारचं लावून पाहिलं. मग बोटं ओठांवर घासली, पुन्हा पानावर ठेवली. तिसऱ्या ओळीत नुसते सुटे शब्द, कशाचा कशाशी मेळ नाही. दालनात पंखा फिरत होता. दाराबाहेर कुणीतरी शांतपणे खाकरलं. ते खाकरणं बंकटचं, हे गुरुजींनी ओळखलं.

"साहेब," सुनिता म्हणाली, "ह्या पानाचे ठिपके बसल्यात. फडातल्या पानांचे बसले व्हते तसेच. दुसरं पान द्या."

साहेब माणूस बरा होता. "शक्य आहे," ते म्हणाले. "मला हाताला काही कळत नाही. गुरुजी, तुम्ही बघा बरं."

पान सरकत गुरुजींच्या पुढ्यात आलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. कोरं करकरीत पान. मोहरीच्या दाण्यासारखे ठिपके, एकेक वेगळा, टोकदार. गुरुजींनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तेवढा वेळ त्यांना मिळाला. ठिपके बसलेत, असं ते म्हणू शकत होते. दुसरं पान आलं असतं, त्याचेही बसलेत म्हणावं लागलं असतं. किंवा सरळ सांगू शकत होते की साहेब, या मुलीचे हात बघा, तिला महिनाभरानं पुन्हा बोलवा, आणि त्या दुसऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढून त्याला खिडकीबाहेर काय दिसतं ते विचारा. मग साहेबांनी विचारलं असतं, त्याला शिकवलं कुणी?

"ठिपके उभे आहेत," गुरुजी म्हणाले.

खरं तेच बोलले. पुढं एक वाक्य बोलायचं राहिलं, ते राहिलंच.

"नक्की?"

"उभे आहेत. पान ठीक आहे."

सुनितानं आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक चाचपली, तर्जनी, मधलं, त्याच्या पुढचं. बाजारात शेंग दाबून बघावी तशी. आणि गुरुजी ज्या बाजूला बसले होते, त्या बाजूला तिनं बरोबर तोंड वळवलं.

"मंग फडातले पन उभेच व्हते का, गुरुजी?"

गुरुजींनी पान घडी घातल्यासारखं केलं. ब्रेलच्या पानाची घडी घालत नसतात.

"उमेदवारानं परीक्षकांशी बोलू नये," सचिव म्हणाले.

बाहेर अजिनाथनं टोपी हातात घेतली होती. "काय झालं पोरी?" तो विचारत होता. ती म्हणाली, "चला अण्णा, जीप थांबलीय." हंगाम संपायला अजून दीड महिना होता, आणि बंकटनं परतीच्या डिझेलची सोय करून ठेवली होती. जाताना त्यानं अजिनाथच्या पाठीवर हात ठेवला. "नशीब बाबा," तो म्हणाला. "आपल्या हातात काय असतं?"

त्याला आता वर्ष होत आलं. हा व्यवहार कुणाला केवढ्याला पडला, ते मांडायला हरकत नाही.

रविराज लिपिक झाला. रोज दहाच्या ठोक्याला शिपाई त्याला हाताला धरून खुर्चीपर्यंत नेतो. काळा चष्मा लावून तो संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसतो, कारण नजर कुणावर गेली नि चेहऱ्यावर काही उमटलं तर पंचाईत. मध्यंतरी युसूफ वडगावहून एक स्थळ आलं होतं. पोरीच्या बापानं चौकशी केली, आंधळा आहे कळलं आणि परत गेला. बंकटला त्याला खरं सांगता येईना. पोरगं म्हणे हल्ली घरीसुद्धा चष्मा काढत नाही. निवृत्तीला अजून तीस-पस्तीस वर्षं आहेत.

गुरुजींचा गाळा पाटीसकट चालू आहे. कागद बंकटच्या नावावर, बसणं गुरुजींचं. वर्ग कधी नव्हे तो भरलेला असतो. बंकट कुठून कुठून पोरं पाठवतो, दाखल्यासकट, आणि गुरुजी त्यांच्या डोळ्यांवर फडकी बांधून त्यांना संक्षेप शिकवतात. नाही म्हणायची सोय नाही. कुणी शिकवलं, हा प्रश्न बंकटच्या खिशात कायमचा आहे. खरोखर आंधळं असं एकही पोर त्या वर्गात नाही. साखराबाई दोन्ही वेळचं ताट वाढतात, पण पुढ्यात बसून काय कुठं वाढलंय ते सांगत नाहीत. गुरुजी चाचपत जेवतात.

अजिनाथनं काय घालवलं ते त्याला अजून माहीत नाही. तो आपला मोंढ्यात भेटला की गुरुजींच्या पाया पडतो.

यंदा दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा सुनिताला नेऊ का, असं विचारायला कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. तिचं नाव बंकटनं कामाच्या माणसांत धरलंय. फडात ती सगळ्यांत घट्ट मोळी बांधते म्हणतात. गुरुजींना तिचा फोन येत नाही, आणि पानं तिनं नेली नाहीत.

बंकटला पडली ती एक जीप, तीही रिकामी धावली नाही. रविराजनं किंमत म्हणून डोळे दिले, ते त्याला घरी जाऊन परत मिळतील असं वाटलं होतं. गुरुजींनी जे भरलं, ते स्वतःच्या मनानं भरलं. बाकीचं सगळं सुनितानं भरलं, आणि या व्यवहारात बसायला तिला कुणी बोलावलंच नव्हतं.